कार्ड पास, बेंच नापास: जळगाव एमआयडीसीत जागेवर करून घेतलेलं ॲनालॉग आउटपुट कॅलिब्रेशन

जळगाव एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी क्वालिटी सांभाळते. आमचा ड्रीपर तपासायचा बेंच कॉम्प्युटरवर चालतो. कॉम्प्युटरला जोडलेलं कार्ड 0 ते 10 व्होल्ट बाहेर काढतं, त्या व्होल्टेजवर हवेचा रेग्युलेटर 0 ते 5 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब धरतो, ती हवा टाकीतलं पाणी ढकलते आणि पाणी लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या नळीत, जातं. एक किलो दाबाला चार लिटरचा ड्रीपर तासाला खरंच चार लिटर देतो का, हे त्यावरून ठरतं. म्हणजे सगळी भिस्त कार्डाच्या त्या व्होल्टेजवर. यंदा भर उन्हाळ्यात ते आउटपुट जागेवर येऊन कॅलिब्रेट करणाऱ्या, म्हणजे अचूक मीटरशी ताडून पाहणाऱ्या, एका लॅबला बोलावलं, त्या सेवेबद्दल हे लिहिते आहे.

मत आधीच सांगते. पैसे वसूल झाले. पुढच्या वेळीही यांनाच बोलावणार. काही तक्रारी आहेत, त्या खाली येतीलच. लॅबचं नाव मुद्दाम घेत नाही. अशा सेवेत येणारा माणूस बदलला की कामही बदलतं, म्हणून नाव लक्षात ठेवण्यापेक्षा काय करून घ्यायचं ते लक्षात ठेवलेलं बरं.

आधीची पद्धत अशी होती की कार्ड पॅनेलमधून काढायचं, फोमच्या खोक्यात घालून कुरियरने दुसऱ्या एका लॅबला पाठवायचं आणि सर्टिफिकेट यायची वाट बघायची. कार्ड परत यायचं, सोबत पानभर आकडे, सगळ्यांपुढे समाधानकारक शेरा. ऑडिटला ते चालायचंही. पण त्या कागदावर एक गोष्ट कधीच नसायची: कार्ड त्यांच्या हातात पडलं तेव्हा, काहीही जुळवाजुळव करण्याआधी, ते काय दाखवत होतं. आधीचे आकडे नसतील तर मागच्या वर्षभरात तपासलेला माल बरोबर मोजला होता की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. कॅलिब्रेशनचं निम्मं मोल त्या आधीच्या आकड्यांत असतं असं मी मानते. शिवाय लॅबमधली खोली 23 अंशांची आणि आमची शेड जळगावची. एप्रिल-मेमध्ये बाहेर 44-45 अंश असतात तेव्हा पत्र्याखालच्या बंद पॅनेलमध्ये काय होत असेल, ते खान्देशात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको.

आमच्या कार्डाची माहितीपत्रिका याबाबत स्पष्ट आहे. कार्ड 16 बिटचं, उणे 10 ते अधिक 10 व्होल्टचं. म्हणजे एकेक पायरी 0.305 मिलिव्होल्टची. पूर्ण 10 व्होल्टला अचूकतेची हमी सुमारे 3.23 मिलिव्होल्ट. पण ही हमी तापमानाला बांधलेली आहे. शेवटच्या बाहेरच्या कॅलिब्रेशनच्या तापमानापासून 10 अंशांच्या आत आणि शेवटच्या सेल्फ-कॅलिब्रेशनपासून (कार्ड स्वतःच स्वतःला जुळवून घेतं ते) एका अंशाच्या आत राहिलात तरच ती लागू. त्यापुढे दर अंशाला काही पीपीएमची (दहा लाखांत काही भागांची) घट-वाढ धरावी लागते. 23 अंशांवर जुळवलेलं कार्ड 43 अंशांवर चालवायचं आणि सर्टिफिकेटकडे बोट दाखवायचं, हे मला कधीच पटलं नव्हतं.

जागेवर काम करणारी लॅब शोधताना एक गोष्ट नक्की पाहा. एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) मान्यतेच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्य कामांच्या यादीत, लॅबच्या स्वतःच्या जागेतलं काम आणि ग्राहकाच्या जागेवरचं काम वेगवेगळं लिहिलेलं असतं. डीसी व्होल्टेजचं मोजमाप त्यांच्या खोलीसाठी मान्य असेल, पण तुमच्या जागेसाठी नसेल, असं होऊ शकतं. मग जागेवर दिलेल्या सर्टिफिकेटवर मान्यतेचं चिन्ह लावता येत नाही. फोनवर हे विचारल्यावर काहींनी विषय बदलला. या लॅबने स्कोपचं पान लगेच पाठवलं आणि त्यातली नेमकी ओळ दाखवली. तिथेच माझा निर्णय झाला.

आलेले इंजिनिअर सर तरुण होते, कमी बोलणारे. सोबत कडक पेटीत कीसाइटचा 34461ए मीटर, साडेसहा डिजिटचा, त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट, तापमान-आर्द्रता नोंदवणारं छोटं यंत्र आणि लांब शिल्डेड लीडचं भेंडोळं. ते भेंडोळं कशासाठी, हे तासाभराने कळलं, आणि या सगळ्या भेटीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच.

अडचण अशी असते. कार्ड तापलेल्या शेडमध्ये, त्याच्या रोजच्या हालतीत तपासायचं, तर मीटरही शेडमध्ये न्यावा लागतो. आणि मीटरची अचूकता सांगितलेली असते 23 अंशांच्या मागेपुढे पाच अंशांपर्यंत. या मीटरची 10 व्होल्टच्या रेंजवर वर्षभराची हमी रीडिंगच्या 0.0035 टक्के अधिक रेंजच्या 0.0005 टक्के, म्हणजे 10 व्होल्टला 0.4 मिलिव्होल्ट. कार्डाच्या 3.23 पुढे हे आठपट सरस, चारास एकचा नेहमीचा नियम (मोजणारा निदान चारपट अचूक हवा) आरामात पाळला जातो. पण तोच मीटर 40 अंशांवर ठेवला तर 28 च्या वरच्या प्रत्येक अंशाला आणखी 0.0006 टक्के धरावे लागतात. बारा अंशांचे होतात 0.72 मिलिव्होल्ट, आणि आधीचे 0.4 मिळवले की 1.1 च्या वर. आठास एकचं नातं तीनास एकच्याही खाली घसरतं. म्हणजे कार्डाला त्याच्या उन्हात तपासायला जावं तर मोजणाराच उन्हात डळमळतो.

सरांनी मीटर आमच्या क्यूसीच्या एसी खोलीतच ठेवला, 25 अंशांवर, तासभर चालू ठेवून गरम होऊ दिला, आणि फक्त लीड दाराच्या फटीतून शेडमधल्या पॅनेलपर्यंत नेल्या. व्होल्टेज मोजताना मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे लीडच्या लांबीने रीडिंगमध्ये घट होत नाही. त्यांनी आधी पॅनेलकडची टोकं एकमेकांना जोडून मीटर शून्य दाखवतो का ते पाहिलं. काही मायक्रोव्होल्ट दिसले, आमच्या मिलिव्होल्टच्या हिशोबात ते कुठेच लागत नाहीत. मग मीटर 100 पॉवर सायकलवर (विजेच्या 100 आवर्तनांवर) लावला, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर दोन सेकंदांची सरासरी. लांब लीडने उचललेली विजेची गुणगुण त्यात विरून जाते. एक्स्ट्रूडरचे हीटर आणि ड्राइव्ह बंद करू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नाही मॅडम, रोज जसं चालतं तसंच चालू द्या. शेवटी एकदा बंद करून फरक बघू." फरक एक दशांश मिलिव्होल्टच्या आसपास निघाला, म्हणजे ती काळजी मिटली.

आधीचे आकडे घेईपर्यंत त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या सेल्फ-कॅलिब्रेशनच्या बटणाला हात लावू दिला नाही. हे फार महत्त्वाचं. काही जण आल्या आल्या ते बटण दाबतात, कार्ड स्वतःच्या आतल्या रेफरन्सवरून स्वतःला जुळवून घेतं, नवीन आकडे त्याच्या मेमरीत जातात, आणि जुनी चूक किती होती याचा पुरावाच पुसला जातो. इथे पुरावा राहिला. पॅनेलमध्ये 43 अंश असताना 10 व्होल्ट मागितले तर टर्मिनलवर मिळत होते 9.9951. म्हणजे 4.9 मिलिव्होल्ट कमी, हमीपेक्षा जास्त चूक. 2 व्होल्टला, म्हणजे एक किलोच्या चाचणीला, मिळत होते 1.9988. वर चढताना आणि खाली उतरताना सारखेच आकडे येत होते. सरळ रेषेत वाढत जाणारी ही चूक मुख्यतः गेनची, म्हणजे प्रमाणाची, आणि ती उष्म्याची, असं त्यांनी तक्त्यावर मांडून दाखवलं.

मग सेल्फ-कॅलिब्रेशन. त्याआधी त्यांनी रेग्युलेटरची वायर काढायला लावली आणि हवेचा व्हॉल्व्ह बंद करून घेतला. कारण ते चालू असताना आउटपुटवर मध्येच भलतंसलतं व्होल्टेज येऊ शकतं आणि रेग्युलेटर ते हुकूम समजून दाब सोडू शकतो. बेंचवर कुणाचा हात असेल तर इजा होईल. ज्यांच्याकडे असे बेंच आहेत त्यांनी हे पानावर मोठ्या अक्षरात लिहून पॅनेलवर चिकटवावं. आम्ही चिकटवलं आहे. सेल्फ-कॅलिब्रेशननंतर 10 व्होल्टला 9.9991 आणि 2 व्होल्टला 1.9998 आले. उरलेली 0.9 मिलिव्होल्टची चूक हमीच्या बरीच आत. ती काढायची तर कार्डातल्या रेफरन्सची नोंदलेली किंमतच बदलावी लागली असती. ते म्हणाले, गरज नसताना हात लावला तर वर्षावर्षांचा आलेख तुटतो. त्यांनी हात लावला नाही. जुळवाजुळवीचे वेगळे पैसे लावता आले असते, तेही लावले नाहीत.

इथपर्यंत सगळं कार्डाचं. खरी गोष्ट यापुढे आहे.

आमचा इलेक्ट्रिशियन अमळनेरकडचा, घरात-कामावर अहिराणीच बोलणारा. सर लीड गुंडाळायला लागल्यावर तो रेग्युलेटरपाशी उभा राहून म्हणाला, "भाऊ, आठे बी मोजी दखा ना." मी आधीच फोनवर तेच मागितलं होतं: आकडे तीन ठिकाणचे हवेत. कार्डाच्या टर्मिनलवर, लोड (म्हणजे रेग्युलेटर) काढून. त्याच टर्मिनलवर, लोड जोडून. आणि 12 मीटर केबलच्या पलीकडे, रेग्युलेटरच्या पिनांवर. बहुतेक सर्टिफिकेटं पहिल्या रकान्यापाशी थांबतात. रेग्युलेटर मात्र तिसऱ्या रकान्यावर चालतो.

दुसऱ्या रकान्यात काही खास नव्हतं. तिसऱ्यात 2 व्होल्टच्या जागी 1.9438.

छप्पन्न मिलिव्होल्ट कमी. कार्डाच्या हमीच्या सतरापट. आणि हा फरक 10 व्होल्टला, 5 व्होल्टला, 1 व्होल्टला, सगळीकडे जवळपास तेवढाच. कारण शोधायला वेळ लागला नाही. रेग्युलेटरला 24 व्होल्टची सप्लाय आणि सिग्नल, दोघांची परतीची वायर एकच. बेंच बनवून देणाऱ्याने एक कोर वाचवला होता. सिग्नलचा करंट नगण्य असतो, जेमतेम दीड मिलिअँपिअर. पण सप्लायचे 0.12 अँपिअरही त्याच वायरने परत येतात. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला 39 ओहमच्या आसपास, म्हणजे 12 मीटरला 0.47 ओहम. गुणाकार करा: 56 मिलिव्होल्ट. रेग्युलेटरकडची जमीन (ग्राउंड, शून्य व्होल्टची बाजू) पॅनेलकडच्या जमिनीपेक्षा तेवढी उचललेली, म्हणून त्याला सिग्नल तेवढा कमी दिसतो.

आता हे आमच्या मालात उतरवून पाहा. 10 व्होल्टला 5 किलो, तर 56 मिलिव्होल्टला 0.028 किलो. बेंचवरचा डायल गेज 0 ते 7 किलोचा, एक टक्का वर्गाचा. त्याची स्वतःची मुभाच 0.07 किलोची, त्यामुळे तो हे कधीच पकडू शकला नसता. पण एक किलोच्या चाचणीत हा दाब 2.8 टक्क्यांनी कमी. साध्या, दाब न सांभाळणाऱ्या ड्रीपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो, म्हणून प्रवाह 1.4 टक्क्यांनी कमी दिसणार. चार लिटरचा ड्रीपर 3.94. अर्ध्या किलोला चूक दुप्पट, दोन किलोला निम्मी. त्यामुळे दाब आणि प्रवाहाचा आलेखही तिरका होतो. ज्या ड्रीपरचा घातांक (प्रवाह दाबाच्या कितव्या घाताने बदलतो तो आकडा, वर्गमुळाला 0.50) 0.50 यायला हवा, त्याचा आमच्या बेंचवर 0.52 च्या जवळ येत होता. मोल्डमध्ये काही बिघडलं का, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली होती.

दीड टक्का म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण हाच घातांक पकडून डिझाइन करणारा रावेर-यावलच्या केळीबागेत एका लॅटरलची लांबी किती ठेवायची ते ठरवतो. लॅटरलच्या शेवटच्या टोकाला दाब उतरलेला असतो, आणि तिथल्या झाडाला किती पाणी मिळेल हे त्या आकड्यावरून काढतात. मे महिन्यात केळीला पाणी कमी पडलं तर काय होतं ते आमच्या घरातही पाहिलेलं आहे. माझ्या सहीने जाणारा आकडा बरोबर असावा, इतकंच मला हवं असतं.

मी सरांना विचारलं की सॉफ्टवेअरमध्ये 56 मिलिव्होल्ट मिळवून टाकू का. त्यांनी साफ नको म्हटलं. रेग्युलेटरच्या आतले व्हॉल्व्ह जसे उघडतात-मिटतात तसा त्याचा करंट हलतो, उन्हात तांब्याचा रोध वाढतो. हलणाऱ्या चुकीला ठरलेला आकडा चिकटवला तर ती लपते, जात नाही. मात्र दुरुस्तीही त्यांनी केली नाही. कॅलिब्रेशन करणाऱ्याने दुरुस्ती करून आपलंच काम आपणच पास करू नये, हे मला योग्य वाटतं. आमच्या इलेक्ट्रिशियनने जेवणाच्या सुट्टीत 24 व्होल्टचा एसएमपीएस (सप्लाय देणारं युनिट) उचलून रेग्युलेटरशेजारी छोट्या डब्यात बसवला. आता सप्लायचा करंट तिथल्या तिथे फिरतो आणि लांब केबलमधून फक्त सिग्नल जातो. पुन्हा मोजलं. पॅनेल आणि रेग्युलेटरमधला फरक दीड मिलिव्होल्टच्या आत आला. घातांक दुसऱ्या दिवशी 0.50 वर.

कार्डाच्या दुसऱ्या चॅनेलबद्दल, म्हणजे दुसऱ्या आउटपुटबद्दल, फार लिहिण्यासारखं नाही. तो कन्व्हर्टरमधून 4 ते 20 मिलिअँपिअर होऊन पंपाच्या ड्राइव्हला जातो. करंटचा सिग्नल केबलच्या रोधाला दाद देत नाही, म्हणून तिथे असलं काही निघालं नाही. नवा बेंच घेणाऱ्यांनी जिथे केबल लांब आहे तिथे 4-20 च मागावं.

आता तक्रारी. सर्टिफिकेट उशिरा आलं, आणि पहिल्या प्रतीत दोन्ही चॅनेलचे क्रमांक उलटे छापले होते. दुरुस्त प्रत मागवावी लागली. तिसऱ्या रकान्याचे आकडे सर्टिफिकेटवर नव्हते, हाताने लिहिलेल्या डेटाशीटच्या झेरॉक्सवर होते. सर्वांत उपयोगी आकडे कच्च्या कागदावर राहावेत हे मला खटकलं. मागणी केल्यावर ते जोडून दिले, पण मागावं लागू नये. पास-नापास ठरवताना मोजमापाची अनिश्चितता कशी धरायची, हा निर्णयाचा नियम आयएसओ 17025 (अशा लॅबसाठीचं मानक) प्रमाणे आधीच ठरवायचा असतो. त्यांच्या बुकिंगच्या फॉर्मवर त्याची जागाच नाही. आम्ही मेलवर लिहून घेतलं. आणि पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख त्यांनी आम्हाला न विचारता छापली होती. ग्राहकाशी ठरल्याशिवाय ती शिफारस सर्टिफिकेटवर येऊ नये असं तेच मानक सांगतं. मुदत आपण आपल्या मागच्या आकड्यांवरून ठरवायची. ती ओळ काढून दिली त्यांनी.

खर्च कुरियरच्या पद्धतीपेक्षा नक्कीच जास्त. चॅनेलचा दर मोठा नाही, येण्याजाण्याचा आणि दिवसाचा आकार मोठा. शेजारच्या दालमिलचं आणि पलीकडच्या चटईवाल्यांचं टेम्परेचरचं काम त्याच दिवशी लावलं आणि तो आकार तिघांत वाटला गेला. एकट्याने बोलावणं लहान कारखान्याला जड जाईल, गाळ्यांतल्या ओळखीपाळखीवर जमवा. दुसरी मर्यादा अशी की ही सगळी तपासणी स्थिर व्होल्टेजची. आउटपुट एका पायरीवरून दुसरीवर किती वेळात स्थिरावतं, हे यात येत नाही. आम्हाला दाब मिनिटभर धरून ठेवायचा असतो, म्हणून चाललं. नळीवर दाबाचे हेलकावे देऊन थकवा तपासणाऱ्यांनी याच्या भरवशावर राहू नये.

आमच्या रोजच्या कामात एक बदल झाला. उन्हाळ्यात बेंच सुरू करून अर्धा तास तापू द्यायचा, हवा बंद करून सेल्फ-कॅलिब्रेशन चालवायचं, आणि दुपारी पॅनेल आणखी तापलं की पुन्हा एकदा. पॅनेलमध्ये थर्मामीटर टांगला आहे, त्याचा आकडा चाचणीच्या नोंदीत जातो.

पुढचं बुकिंग जानेवारीचं केलं आहे. त्या वेळी सकाळी शेड पार गार असते. तोच तीन रकान्यांचा तक्ता त्या थंडीत पुन्हा हवा, म्हणजे वर्षाची दोन्ही टोकं हाताशी येतील. सोबत पहिल्या चॅनेलची पायरी बदलताना स्थिरावण्याची वेळही मोजून द्या असं कळवलं आहे. त्याचा दर त्यांच्याकडून अजून यायचा आहे.